टेबलटॉप खेळांची रेकॉर्ड केलेली सेशन्स कोण कोण ऐकतं?

तपोवनकर

नमस्कार मंडळी,

चार-पाच जण टेबलाभोवती बसून एक खेळ खेळतात आणि आपण ते तीन-तीन तास ऐकतो, यात करमणूक कसली, असं मला घरी आणि ऑफिसात नेहमी विचारतात. प्रश्न रास्त आहे. तपोवन ते सातपूर रोजच्या बसप्रवासात माझ्या कानात बहुतेक वेळा हेच चालू असतं. नाशिकमध्ये आणखी कोणी आहे का ते शोधावं म्हणून हा धागा काढतोय.

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत काढला. यात कोणी कोणाला हरवायचं नसतं. एक जण डीएम होतो. गोष्टीतलं गाव, जंगल, शत्रू, वाटेत भेटणारा म्हातारा, सगळं तो उभं करतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि ते पात्र काय करेल ते सांगतात. जमेल की नाही अशी शंका असेल तिथे फासा टाकायचा. अशी एक गोष्ट महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं चालते, तिला कॅम्पेन म्हणतात. ही सेशन्स रेकॉर्ड करून लोकांना ऐकवायची, याला 'अ‍ॅक्च्युअल प्ले' हे नाव पडलं आहे. पॉडकास्ट म्हणून हे २००८ च्या सुमारास सुरू झालं. त्या वर्षी 'अ‍ॅक्विझिशन्स इनकॉर्पोरेटेड' आलं आणि पुढे बऱ्याच जणांनी ती वाट धरली.

आता मुद्द्याचं. मला यात सगळ्यात जास्त आवडतो तो निर्णय होण्याआधीचा वेळ. समजा, मागून सैनिक येताहेत, पुढे दरी आहे, दोरीच्या पुलावरून एका वेळी एकालाच जाता येतं आणि कोणाला तरी शेवटपर्यंत अलीकडे थांबणं भाग आहे. कादंबरी असती तर लेखकाने ते आधीच ठरवून ठेवलं असतं. इथे कोणीच काही ठरवलेलं नसतं. डीएम गप्प बसतो. एक जण म्हणतो मी थांबतो, दुसरी म्हणते तू जखमी आहेस, तिसरा भलतीच युक्ती काढतो. त्या पाच-सात मिनिटांत पात्रंही कळतात आणि ती खेळणारी माणसंही कळतात. कोण पटकन पुढे होतं, कोण दुसऱ्याला बोलू देतं, कोण मित्राचं पात्र वाचावं म्हणून स्वतःचा डाव सोडतं. मग फासा पडतो, आणि पुढे जे होतं ते डीएमलाही नवीन असतं. गोष्ट घडत असताना आपण तिथे असतो. हे मला दुसऱ्या कुठल्याच प्रकारात मिळालेलं नाही.

काही कार्यक्रम मुळात व्हिडिओचे आहेत. ब्रेनन ली मलिगन डीएम असलेल्या 'डायमेन्शन २०' मध्ये टेबलावर फार देखणे छोटे सेट मांडतात, ते जरूर पाहावेत. पण ऐकताना पूल माझा असतो आणि दरीही माझीच, म्हणून मी ऐकणाऱ्यांतला.

सुरुवात करणाऱ्याने माझ्या मते 'द अ‍ॅडव्हेंचर झोन'ची 'बॅलन्स' ही पहिली कॅम्पेन घ्यावी. मॅकेलरॉय कुटुंबातले तीन भाऊ आणि त्यांचे वडील खेळतात. २०१४ ते २०१७ या काळातली ही गोष्ट, ६९ भागांत पूर्ण होते. भाग साधारण तासाभराचे आहेत. सुरुवातीचे काही भाग नुसती धमाल वाटतील, पण गोष्ट हळूहळू खोल जाते.

तुम्ही काय ऐकता? काटछाट केलेलं आवडतं की सगळंच्या सगळं? आणि मराठीत कोणी असं काही करतंय का?

अंबड_सेकंडशिफ्ट

आहे, मी आहे! कंपनीत शॉपफ्लोअरवर हेडफोन लावता येत नाहीत, पण घरी आल्यावर जेवताना आणि नंतर झोप येईपर्यंत हेच. माझं 'क्रिटिकल रोल'. हे सगळे व्यवसायाने आवाज देणारे कलाकार आहेत, डीएम मॅथ्यू मर्सर. आधी ते घरीच खेळायचे आणि मार्च २०१५ पासून लोकांसमोर खेळू लागले. म्हणून पहिली कॅम्पेन मधूनच सुरू होते आणि सुरुवातीचा आवाजही तितकासा चांगला नाही. नवीन माणसाने दुसरी घ्यावी, जानेवारी २०१८ पासूनची. १४१ भाग आहेत आणि बरेचसे तीन ते पाच तासांचे.

एवढं लांब कशाला ऐकायचं, असं वाटेल. लांबीमुळेच तर मजा आहे. तीन-साडेतीन वर्षं तीच माणसं, तेच आवाज. एखादं पात्र सुरुवातीला कोणावरच विश्वास ठेवत नाही, आणि शंभरेक भागांनंतर तेच पात्र न विचारता दुसऱ्याच्या हाती सगळं सोपवतं. हा बदल कोणी लिहिलेला नाही. तो माणसांच्या सोबतीतून झालेला आहे आणि आपण त्याचा प्रत्येक टप्पा ऐकलेला असतो. मधे कोविडमुळे २०२० मध्ये काही महिने खेळ थांबला होता. परत सुरू झाला तेव्हा सगळे एकमेकांपासून लांब बसून खेळत होते. तो भाग ऐकताना मी सुद्धा आमच्या लाइनवर एक सोडून एक मशीन चालवत होतो. त्या दिवसांत या लोकांनी मला खूप आधार दिला.

कॉलेजरोड२२

+१. बॅलन्सचा शेवट ऐकताना मी कॅनडा कॉर्नरला गाडी बाजूला घेऊन थांबले होते.

मेनरोड

तपोवनकर, मनापासून लिहिलंय ते जाणवतं, म्हणून मीही मनापासून विरोध नोंदवतो. मी प्रयत्न करून पाहिला. पहिल्या तासात नियमांची चर्चा, कोणाकडे किती बाण उरलेत त्याचा हिशेब आणि आपापसातले विनोद. मी आकाशवाणीवरच्या श्रुतिका ऐकत मोठा झालो. तिथे अर्ध्या-पाऊण तासात एक माणूस उभा राहायचा, त्याचं दुःख उभं राहायचं आणि शेवट व्हायचा. एकही वाक्य वाया जात नसे. कलेत निवड असते. काय ठेवायचं आणि काय टाकायचं हेच तर लेखकाचं काम. ते न करता सगळंच श्रोत्यासमोर ठेवणं हा श्रोत्याच्या वेळेचा अनादर वाटतो मला.

तपोवनकर

मेनरोड काका, तुमचा मुद्दा महत्त्वाचा आहे. बाणांच्या हिशेबाबद्दल मी तुमच्या बाजूने आहे, ते कापलं तर काही बिघडत नाही. पण निवड इथेही असते, फक्त ती आधी होत नाही, आपल्यासमोर होते. दहा मिनिटं चर्चा करून खेळाडू नऊ रस्ते सोडतात आणि एक धरतात. ते नऊ रस्ते आपण ऐकलेले असल्यामुळे दहाव्याचं वजन कळतं. श्रुतिकेत ते नऊ रस्ते लेखकाच्या टेबलावरच राहतात.

एक विनंती आहे. 'फ्रेंड्स अ‍ॅट द टेबल' ऐकून पाहा. तिथला सूत्रधार ऑस्टिन वॉकर प्रसंग कसा मांडायचा, काय दाखवायचं आणि काय नाही, याचा विचार मोठ्याने करतो. तुम्हाला जी निवड हवी आहे ती तिथे कानांनी ऐकू येते.

नॅट_वीस

फाशाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून मी बोलतो. ऐकताना शक्यता डोक्यात असतील तर रंगत दुप्पट होते.

डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये वीस बाजूंचा फासा. मध्यम अवघड कामाला साधारण १५ गाठावे लागतात. पात्राचं कौशल्य +५ असेल तर फाशावर १० किंवा जास्त हवेत, म्हणजे ५५ टक्के. +३ असेल तर ४५. आता डीएम म्हणाला की परिस्थिती तुझ्या बाजूची आहे, दोन फासे टाक आणि मोठा घे, तर तेच ४५ टक्के जवळजवळ ७० वर जातात. म्हणून खेळाडू डीएमला पटवण्यासाठी एवढी धडपड करतात: मी आधी दिवा विझवला होता, पहारेकरी दमलेला आहे, पाऊस पडतोय. गोष्टीतला बारीकसारीक तपशील असा थेट आकड्यात उतरतो. नवीन श्रोत्याला वाटतं नुसत्या गप्पा चालल्या आहेत, पण तिथे २५ टक्क्यांची लढाई चाललेली असते.

दुसरा प्रकार मला ऐकायला जास्त आवडतो. २०१० च्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड'पासून आलेला. दोन साधे फासे, बेरीज १० किंवा वर गेली तर काम फत्ते, ६ किंवा खाली आली तर संकट, आणि ७ ते ९ आली तर काम होतं पण काहीतरी गमवावं लागतं. बेरजेत १ मिळवायचा असेल तर हे मधलं उत्तर छत्तीसपैकी सोळा वेळा येतं, बाकी दोन्हींपेक्षा जास्त. दार उघडलं पण आवाज झाला. मित्र वाचला पण पत्र नदीत पडलं. यामुळे गोष्ट कधी अडकतच नाही. तपोवनकरांनी सुचवलेल्या 'फ्रेंड्स अ‍ॅट द टेबल'चा पहिला सीझन याच घराण्यातल्या 'डंजन वर्ल्ड'वर खेळलेला आहे. अ‍ॅडव्हेंचर झोनची दुसरी मोठी कॅम्पेन 'अ‍ॅम्नेस्टी' सुद्धा अशाच पद्धतीच्या खेळावर आहे.

सुरगाणा_मास्तर

धागा वाचतोय आणि आनंद होतोय. मी शाळेत शिकवतो, नाटकाची आवड आहे. माझ्या पुतण्याने मला हे ऐकवलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं, अरे, हे तर दशावतार आहे. कोकणात दशावतारी मंडळींकडे लिखित संहिता नसते. आख्यान ठरतं, कोण कोणतं पात्र घेणार ते ठरतं आणि संवाद रंगमंचावर उभं राहून सुचतील तसे बोलायचे. समोरच्याने टाकलेला शब्द पकडून उत्तर द्यायचं. आमच्याकडे सुरगाणा-पेठ भागात बोहाड्याला सोंगं निघतात, तिथेही मुखवटा चढवला की माणूस रात्रभर त्या देवाचा किंवा दैत्याचा होतो.

पण पुढे आणखी ऐकलं तसं मत बदललं. दशावतारात शब्द मोकळे असतात, शेवट बांधलेला असतो. दैत्य मरणार हे गावातल्या लहान पोरालाही माहीत असतं आणि ते माहीत असण्यातच प्रेक्षकाचं सुख आहे. या खेळात उलट आहे. इथे नियम बांधलेले आणि शेवट मोकळा. नायक खरंच मरू शकतो, आणि तो खेळणाऱ्या माणसाचा आवाज त्या क्षणी कापतो. ते मी कुठल्याही रंगमंचावर ऐकलेलं नाही, कारण नटाला आपला मृत्यू तालमीतच ठाऊक असतो. म्हणून 'हे आपल्याकडे होतंच' असं मी म्हणणार नाही. होतं त्याच्या शेजारचं आहे, आणि आपल्या मुलांना दोन्ही मिळायला हवं.

शाळेत सातवीच्या मुलांबरोबर दोन साधे फासे घेऊन हा खेळ करून पाहिला. गोष्ट जंगलात वाट चुकलेल्या गुराख्याची होती. एरवी वर्गात तोंड न उघडणारी मुलगी वाघाशी बोलायला सगळ्यांच्या आधी उठली.

कॉलेजरोड२२

मास्तर, या शेवटच्या प्रसंगावर वेगळा धागा काढा ना. खरंच वाचायचंय.

सावानातला_वाचक

एक माहिती. ध्वनिमुद्रण ऐकण्याच्या बरंच आधी जपानमध्ये लोक खेळाची सेशन्स वाचायचे. १९८६ मध्ये 'कॉम्प्टिक' नावाच्या मासिकात एका खेळाचं संवादरूप वर्णन क्रमशः येऊ लागलं. खेळाडू काय बोलले, फासा काय पडला, सगळं जसंच्या तसं. ते इतकं लोकप्रिय झालं की त्यातूनच 'रेकॉर्ड ऑफ लोडोस वॉर' ही कादंबऱ्यांची आणि अ‍ॅनिमेशनची मालिका उभी राहिली. तिकडे या प्रकाराला 'रिप्ले' म्हणतात आणि त्याची स्वतंत्र पुस्तकं निघतात. मेनरोड, तुम्हाला कदाचित वाचायला हे जास्त भावेल, कारण छापताना संपादन होतंच.

दिंडोरीची

मी क्वचितच लिहिते, पण आज राहवलं नाही. आमची द्राक्षबाग आहे. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी, दोन्ही वेळेला दिवसचे दिवस हात एकाच कामात असतात. एका कानात इअरफोन, दुसरा मजुरांशी बोलायला मोकळा. गाणी लवकर संपतात, बातम्यांनी जीव घाबरा होतो. ही सेशन्स मात्र कामाच्या वेगाने चालतात. दोन वाक्यं हुकली तरी बिघडत नाही, कारण खेळाडू स्वतःच 'आपण आत्ता कुठे आहोत' असं विचारतात आणि डीएम परत सांगतो.

इंग्रजी उच्चारांचा त्रास मला सुरुवातीला खूप झाला. ज्यांना होत असेल त्यांना सांगते. आधी वेग थोडा कमी करा. पहिले तीन-चार भाग यूट्यूबवर सबटायटल्स लावून पाहा, म्हणजे कोणता आवाज कोणाचा ते पक्कं होतं. मग नुसतं ऐका. आणि लढाईच्या प्रसंगात हरवलात तर घाबरू नका, लढाई संपल्यावर कोण वाचलं ते कळतंच. अ‍ॅडव्हेंचर झोन मला सोपं गेलं ते घरातली माणसं आहेत म्हणून. बाप-लेक, भाऊ-भाऊ एकमेकांशी कसे बोलतात ते भाषा अर्धी कळली तरी कळतं.

पण मला हे मराठीत हवंय. आईला ऐकवायचंय. ती गोष्टी सांगण्यात कोणाला हार जाणार नाही, पण इंग्रजीत तिच्यासाठी दार बंद आहे.

इंदिरानगरची

दिंडोरीची ताई, तुमच्यामुळे लिहायचं धाडस होतंय. आम्ही पाच जण रविवारी माझ्या घरी मराठीतून खेळतो. मी डीएम असते. गोष्ट एका काल्पनिक घाटातल्या जकात नाक्याची आहे. कांद्याच्या गाड्या, बैल, रात्रीचा मुक्काम, आणि नाक्यावरचा कारकून जो दर अमावास्येला एक गाडी वहीत लिहीत नाही. गाडीवान अहिराणी बोलतो, सावकार पुस्तकी मराठी बोलतो. आमच्यातल्या एकाचं आजोळ साक्रीकडचं आहे, तो अहिराणी बोलायला लागला की टेबलावर सगळे गप्प होतात, इतकं ते खरं वाटतं. बाहेरचे राक्षस आणि किल्ले आम्ही सुरुवातीला घेऊन पाहिले होते, पण पात्रांना जीव आला तो घाट घेतल्यावर.

रेकॉर्ड करायचं ठरवतोय. इथे जाणकार आहेत म्हणून विचारते:

आवाज. मधे एकच फोन ठेवून चाचणी घेतली तर पंख्याचा आवाज सगळ्यात मोठा आला, आणि खालच्या घरातला कुकर. प्रत्येकाला वेगळा माइक हवाच का?

परवानगी. एक जण म्हणतो माझं नाव नको. दुसरीला मुलांना इजा होण्याचे प्रसंग गोष्टीत चालत नाहीत. पहिल्या बैठकीत आम्ही हे बोलून घेतलं होतं, पण लोक ऐकणार म्हटल्यावर पुन्हा बोलायला हवं असं मला वाटतं.

आणि नियमांचा हक्क कोणाचा? उद्या कोणी हरकत घेतली तर?

नॅट_वीस

ताई, हक्काचं आधी. डंजन्स अँड ड्रॅगन्सचे मूळ नियम असलेला दस्तऐवज जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला. श्रेय नोंदवलं की तो वापरता येतो, भाषांतरही करता येतं. त्यांची खास जगं आणि खास पात्रं त्यात येत नाहीत, पण तुमचा घाट तुमचाच आहे, तुम्हाला त्यांची गरजच नाही.

परवानगीबद्दल तुम्ही योग्य मार्गावर आहात. बरेच गट टेबलावर एक कार्ड ठेवतात. प्रसंग नको वाटला की कार्डाला हात लावायचा, कारण विचारायचं नाही, गोष्ट दुसरीकडे वळवायची. रेकॉर्डिंगमधून तेवढा भाग काढून टाकायचा, त्यावर चर्चा नको.

अंबड_सेकंडशिफ्ट

आवाजाचं मी सांगतो, थोडाफार अनुभव आहे. पाच माइक घ्यायची गरज नाही. प्रत्येकाने आपला फोन छातीजवळ, कापडावर ठेवून आपापलं रेकॉर्डिंग करायचं. सुरुवातीला सगळ्यांनी मिळून एकदाच टाळी वाजवायची, म्हणजे नंतर कॉम्प्युटरवर पाचही फाइल्स त्या टाळीवर जुळवता येतात. एक जण बोलत असताना बाकीच्यांचा आवाज कमी करता येतो. पंखा बंद, मधे मधे थांबून हवा घ्या. खोलीत गाद्या, चादरी, पडदे जितके जास्त तितका घुमारा कमी. फासे टेबलावर टाकू नका, माइकला तो आवाज फार मोठा येतो. ताटलीत जाड कापड अंथरून त्यात टाका.

मेनरोड

इंदिरानगरची, ती न लिहिलेली गाडी मला स्वस्थ बसू देत नाहीये. तुम्ही एक तासाचा भाग केलात आणि नियम शोधण्याचा वेळ काढून टाकलात तर मी पहिला श्रोता. तपोवनकरांच्या नऊ रस्त्यांचा मुद्दाही मी विचारात घेतलाय, चर्चा ठेवा. पण चर्चा पात्रांची हवी, पुस्तकाची पानं उलटण्याची नको.

इंदिरानगरची

काका, तसंच करू. पानं उलटणं कापणार, घाटात कोणत्या वळणावर थांबायचं यावरचा वाद पूर्ण ठेवणार. टाळीची युक्ती या रविवारीच करून बघते.

दिंडोरीची

एक श्रोती म्हणून एवढं सांगते. फासा पडला की आकडा मोठ्याने बोला. किती पडले आणि किती हवे होते, दोन्ही. तुम्हाला टेबलावर दिसतं, आम्हाला बागेत दिसत नाही. आणि पात्राचं नाव घेऊनच हाक मारा, निदान पहिले काही भाग, म्हणजे आईला कोणता आवाज कोणाचा ते कळेल.